मदत हवी आहे: डिबग फ्लोमध्ये 'रिव्हर्स पाथ चेक फेल', पण पॉलिसीचा उल्लेखच नाही

नमस्कार मंडळी,

फोर्टिगेट फायरवॉलच्या परीक्षेची तयारी करतोय (आमच्याकडे सगळे एनएसई फोरच म्हणतात). दिवसा एनओसीतली (नेटवर्कवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रातली) शिफ्ट, रात्री लॅपटॉपवर लॅब. थिअरी बऱ्यापैकी झाली आहे. पण डिबगच्या (फायरवॉल पॅकेटचं काय करतो ते टप्प्याटप्प्याने दाखवणाऱ्या) चार-पाच ओळी समोर ठेवून 'पॅकेट का पडलं?' असं विचारलं की माझं घोडं अडतं. आता लॅबमध्येच चार दिवस एका जागी अडकलोय.

मांडणी अशी. फोर्टिगेट व्हीएम (व्हर्च्युअल मशीन), फुकटचं इव्हॅल्युएशन लायसन्स. त्यात तीनच इंटरफेस मिळतात, तेवढे पुरतात. पोर्ट१ वर पहिली लाइन १९८.५१.१००.०/२४, पोर्ट२ वर दुसरी २०३.०.११३.०/२४, पोर्ट३ वर आतलं नेटवर्क १०.०.१.०/२४. डिफॉल्ट रूट (दुसरा कुठला रूट जुळला नाही की वापरायचा) दोन: पोर्ट१ चा डिस्टन्स (पसंतीचा आकडा, कमी तो आधी) १०, पोर्ट२ चा २०. आत १०.०.१.१० वर वेब सर्व्हर आहे आणि त्याच्यासाठी पोर्ट२ वर २०३.०.११३.२० ची व्हीआयपी (बाहेरचा पत्ता आतल्या सर्व्हरकडे वळवणारी नोंद). पॉलिसी (ट्रॅफिकला परवानगी देणारा नियम) पोर्ट२ कडून पोर्ट३ कडे, सोर्स ऑल, डेस्टिनेशनमध्ये व्हीआयपी, ॲक्सेप्ट.

राउटरपलीकडच्या १९२.०.२.५० या मशीनवरून पान उघडत नाही. म्हणून हे चालवलं:

डायग्नोज डिबग फ्लो फिल्टर ॲड्र १९२.०.२.५०
डायग्नोज डिबग फ्लो शो फंक्शन-नेम इनेबल
डायग्नोज डिबग फ्लो ट्रेस स्टार्ट २०
डायग्नोज डिबग इनेबल

आलेलं आउटपुट (ट्रेस आयडी, लाइन नंबर गाळलेत):

"रिसीव्ह्ड अ पॅकेट (प्रोटो=६, १९२.०.२.५०:४९८८६->२०३.०.११३.२०:८०) फ्रॉम पोर्ट२. फ्लॅग [एस]"
"ॲलोकेट अ न्यू सेशन"
"डीनॅट २०३.०.११३.२०:८०->१०.०.१.१०:८०"
"रिव्हर्स पाथ चेक फेल, ड्रॉप"

प्रोटो ६ म्हणजे टीसीपी, एस म्हणजे सिन (जोडणी सुरू करणारं पहिलं पॅकेट), इथवर कळतं. पुढचं कोडं असं:

१. पॉलिसी आहे, तरी डिबगमध्ये तिचं नावही नाही. नाकारलं असतं तर 'डिनाइड बाय फॉरवर्ड पॉलिसी चेक (पॉलिसी ०)' दिसायला हवं होतं ना?
२. नवं सेशन तयार झालं असं म्हणतोय, मग सेशन टेबलमध्ये (चालू जोडण्यांच्या यादीत) ते का सापडत नाही?
३. सगळ्यात विचित्र म्हणजे २०३.०.११३.९० वरून, म्हणजे पोर्ट२ च्याच सबनेटमधून, पान झटकन उघडतं!

पॉलिसी वर-खाली करून, सर्व्हिस ऑल ठेवून, व्हीआयपी पुसून नव्याने बनवून झाली. नुसतं उत्तर पाठ करायचं नाहीये, या ओळी वाचायच्या कशा ते कुणीतरी सांगा.

---

प्रतिसाद:

पॉलिसीला हात लावू नका, ती बरोबर आहे. तुमच्या पॅकेटला तिथवर पोचताच आलेलं नाही. डिबगच्या ओळी पॅकेट ज्या वाटेने जातं त्याच क्रमाने येतात. शेवटची ओळ जिथे थांबली, त्याच्या पुढची तपासणी झालेलीच नसते. इथे डीनॅट झालं (पोचायचा पत्ता बदलून आतल्या सर्व्हरचा झाला), मग रूटिंगच्या टप्प्यावर उलट वाटेची तपासणी झाली, आणि तिथेच पॅकेट पडलं. पॉलिसीची पाळी त्यानंतर येते. 'पॉलिसी ०' दिसलं असतं तर रूट सापडला पण पॉलिसी जुळली नाही, असा अर्थ झाला असता.

सेशनचंही तेच. 'ॲलोकेट' म्हणजे फक्त जागा घेतली. परवानगी अजून मिळालेली नाही. पॅकेट पडलं की तेही जातं.

आणि तुमचा तिसरा मुद्दा विचित्र मुळीच नाही, उत्तर त्यातच आहे. फायरवॉल विचारतो, "हे पॅकेट ज्या इंटरफेसवरून आलं, त्याच इंटरफेसवरून सोर्सकडे परत जायला माझ्याकडे रूट आहे का?" २०३.०.११३.९० साठी पोर्ट२ चा कनेक्टेड रूट आहे, म्हणून ते पास. १९२.०.२.५० साठी लागतो डिफॉल्ट रूट. आता हे दोन्ही चालवून शेजारी ठेवा:

गेट राउटर इन्फो राउटिंग-टेबल ऑल
गेट राउटर इन्फो राउटिंग-टेबल डेटाबेस

डिस्टन्स २० चा रूट फक्त दुसऱ्यात दिसेल. तो नुसता राखीव आहे, तपासणीत धरलाच जात नाही. दोन्ही डिस्टन्स १० करा आणि प्रायॉरिटी वेगळी द्या, पोर्ट१ ला ५, पोर्ट२ ला १०. कमी आकडा आधी. आतून बाहेर जाणारं ट्रॅफिक पोर्ट१ नेच जाईल, पण पोर्ट२ चा रूटही टेबलमध्ये जिवंत राहील.

आणखी एक, कारण यात मी नव्या मुलांना नेहमी गोंधळताना बघते. 'आयप्रोप-इन-चेक फेल्ड ऑन पॉलिसी ०' हीसुद्धा पॉलिसी ० वालीच ओळ, पण ती खुद्द फायरवॉलकडे आलेल्या पॅकेटची. तिथे फॉरवर्ड पॉलिसी शोधत बसू नका. इंटरफेसवर पिंग किंवा एचटीटीपीएस चालू आहे का, ट्रस्टेड होस्टमध्ये (ॲडमिनला ज्या पत्त्यांवरून येऊ दिलंय त्या यादीत) तुमचा पत्ता बसतो का, ते बघा.

रूट दुरुस्त झाला की सिस्टिम सेटिंग्जमध्ये स्ट्रिक्ट-सोर्स-चेक (याच उलट वाटेच्या तपासणीचा कडक प्रकार) इनेबल करा. पण आधी काय होईल ते कागदावर लिहा, मग चालवा.

---

मूळ प्रश्नकर्ता:

ताई, मनापासून धन्यवाद! डिस्टन्स सारखा केला आणि पान उघडलं. डीनॅटनंतर आता 'फाइंड अ रूट... व्हाया पोर्ट३' आणि त्याखाली 'अलाउड बाय पॉलिसी-२'. सेशन टेबलमध्ये प्रोटो-स्टेट ०१, म्हणजे जोडणी पूर्ण झालेली.

स्ट्रिक्टसाठी कागदावर लिहिलं होतं: '१९२.०.२.५० कडे जायचा सर्वांत चांगला रूट पोर्ट१ चा, पॅकेट मात्र पोर्ट२ वरून येतंय, म्हणून पडेल. २०३.०.११३.९० चालू राहील.' चालवलं. पहिल्याला परत तीच 'रिव्हर्स पाथ चेक फेल', दुसऱ्याचं पान उघडलं.