चाकामागचं रबर फाटलंय, एमओटीत (यूकेतली गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी) गाडी नापास होईल का?

यूकेत आहे, गाडीची एमओटी जवळ आलीय. काल टायर बदलताना पाहिलं तर डावीकडच्या पुढच्या चाकामागे घड्याघड्यांचं काळं रबर फाटलंय आणि रिमच्या आतून ग्रीस उडालंय, शिवाय इंजिनखालचं प्लास्टिक कव्हरच गायब आहे. हा कुठला पार्ट? दोन्हीवर नापास करतील का?

उत्तर १:
ते ड्राइव्हशाफ्टचं (इंजिनची ताकद चाकाला देणारा दांडा) सीव्ही बूट आहे, म्हणजे त्याच्या जॉइंटवरचं, ग्रीस आत ठेवणारं रबरी आवरण. नुसतं जीर्ण झालं असेल तर मायनर (किरकोळ दोष, त्यावर नापास नाही) लिहितात, पण फाटून धूळमाती आत जात असेल किंवा बूटच नसेल तर मेजर, म्हणजे सरळ नापास. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवून बघा, कटकट आवाज आला तर जॉइंटही गेलाय. आवाज नसेल तर बूट लगेच बदला, स्वस्तात सुटाल!

उत्तर २:
कव्हरची काळजी नको, ते नाही म्हणून नापास करत नाहीत, अर्धवट लोंबकळत असतं आणि पडायची भीती असती तर केलं असतं. पण डिझेल गाडीचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढलेला असेल तर नक्की नापास, सेकंडहँड घेताना हे बघाच.

प्रश्नकर्ता:
आवाज नाहीये, हुश्श. बूट आधीच बदलून घेतो, आभार!