दिवसभर घालता येतील असे हेडफोन सुचवा – चष्मा आहे, ऐकणं जास्त करून शास्त्रीय

निळी_शाई:
मंडळी, नवे हेडफोन घ्यायचेत आणि रिव्ह्यू वाचून वाचून डोकं भणभणलंय. काम लॅपटॉपवर, त्यामुळे सलग चार-पाच तास कानावर काहीतरी असतंच. सध्याचे आवाजाला वाईट नाहीत पण तासाभरात कानाच्या पाळ्या दुखायला लागतात, चष्म्याच्या काड्या कानामागे रुततात आणि डोक्यावर मधोमध एक जागा अशी ठणकते की काढूनच ठेवावे लागतात. ऐकणं म्हणाल तर शास्त्रीय गायन सगळ्यात जास्त, मग जुनी सिनेगाणी, आणि काम कंटाळवाणं असलं की इलेक्ट्रॉनिक. बजेट मध्यम, म्हणजे अगदी स्वस्तातले नकोत पण त्यापायी महिन्याचं गणितही कोलमडायला नको. वायरचे घ्यावे का वायरलेस? आणि हे ओपन बॅक प्रकरण नक्की काय आहे, त्याने खरंच एवढा फरक पडतो का?

अर्धमात्रा:
आवाजाचं नंतर बघू, आधी दुखण्याचं बघा. तुम्ही तीन दुखणी सांगितलीत आणि तिन्हीची कारणं वेगळी आहेत.

पाळ्या दुखतात म्हणजे एकतर ते ऑन-इअर, म्हणजे कानावर टेकणारे आहेत, किंवा ओव्हर-इअर, म्हणजे कानाभोवती बसणारे असूनही कप उथळ आहेत आणि आतलं कापड कानाला टेकतंय. कान पूर्ण आत मावला पाहिजे आणि आत कुठेही घासता कामा नये, घालून बघताना हे पहिल्या मिनिटात कळत नाही, निदान अर्धा तास घालून बसायला हवं, म्हणून परत करता येतील अशा ठिकाणाहूनच घ्या असं मी प्रत्येकाला सांगते.

काड्या रुततात तो दाबाचा प्रश्न. चष्मा असेल तर लेदरसारख्या गुळगुळीत पॅडपेक्षा वेलूरचे, म्हणजे मखमली कापडाचे मऊ पॅड बरे, काडी त्यात बुडते आणि घामही कमी येतो. अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही, बंद कपाच्या हेडफोनमध्ये काडीमुळे पॅड आणि डोकं यांच्यात फट पडते आणि त्या फटीतून खर्ज गळतो. बेसच नाही म्हणून तक्रार करणाऱ्या कितीतरी जणांचा दोष चष्म्याच्या जाड काडीचा असतो! चष्मा काढून तोच तुकडा ऐका, फरक लगेच कळेल.

डोक्यावरची ठणक म्हणजे वजन आणि हेडबँड. सोनी डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ चं वजन २५० ग्रॅम आहे, हायफायमॅन सुंदारा ३७२ आणि एअरपॉड्स मॅक्स ३८५ च्या आसपास. हातात घेतल्यावर हा फरक क्षुल्लक वाटतो, तिसऱ्या तासाला वाटत नाही. पण नुसता आकडा बघू नका, वजन डोक्यावर कसं विभागलं जातंय तेही बघा. एकेजीचा के७०१ हलका असूनही त्याच्या हेडबँडखालच्या उंचवट्यांमुळे खूप जणांचं डोकं दुखायचं.

खर्जवाला:
अर्धमात्राताईंनी बरंचसं सांगितलंच, मी गाण्याचं बोलतो.

ओपन बॅक म्हणजे कपाची मागची बाजू जाळीची. आवाज आत कोंडत नाही, त्यामुळे गायक, तानपुरा, तबला असे वेगवेगळ्या जागी बसल्यासारखे वाटतात आणि कानही तापत नाहीत. तोटे दोन, बाहेरचं सगळं तुम्हाला ऐकू येतं आणि तुमचं गाणं शेजारच्याला, आणि अगदी तळाचा खर्ज बहुतेक ओपन बॅकमध्ये पातळच असतो. ख्याल ऐकणाऱ्याला त्याचं फारसं वाईट वाटत नाही, कारण गळा आणि तानपुऱ्याची सगळी गंमत मधल्या पट्टीत आहे, फक्त डग्ग्याचा घुमारा तेवढा नीट यायला हवा आणि तो चांगल्या ओपन बॅकमध्ये येतो. इलेक्ट्रॉनिकला मात्र तो सर्वात खालचा दणका लागतो, तिथे बंद कप जिंकतात.

तुमच्या ऐकण्यासाठी माझं स्पष्ट मत, झगझगीत ट्रेबलवाले, म्हणजे वरच्या पट्टीचे आवाज फार पुढे आणणारे टाळा. बेयरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो घालायला अतिशय आरामशीर आहे, पॅड वेलूरचे, पण ८ किलोहर्ट्झच्या आसपास त्याचा आवाज इतका वर उचललेला आहे की जुन्या सिनेगाण्यांमधले स आणि श टोचतात, रेकॉर्डिंगची खरखरही पुढे येते. सेनहायझर एचडी ६०० याच्या उलट, १९९७ पासून बाजारात आहे आणि गळ्यासाठी आजही मी दुसरं नाव पटकन घेणार नाही. नवा असताना घट्ट बसतो हे खरं. आणि इंपीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ३०० ओहम, त्यामुळे फोनवर हळू वाजतो, अँपचा (आवाजाला जोर देणाऱ्या अँप्लिफायरचा) खर्च धरूनच बजेट करा.

मध्यम बजेटला त्याच कंपनीचा एचडी ५६०एस, १२० ओहम, २४० ग्रॅम, मखमली पॅड. किंवा अजून कमी खर्चात फिलिप्स एसएचपी९५००, ३२ ओहमचा, कशावरही वाजतो, कप एवढे मोठे की कान कुठे टेकतच नाही, दाबही कमी.

पहाटपक्षी:
थोडा वेगळा मुद्दा, तुम्ही काम करता तिथे शांतता असते का? नसेल तर वरची ओपन बॅकची सगळी नावं विसरा. ओपन बॅक घालून पंखा, एसी, लोकांची बडबड यावर मात करायला माणूस नकळत आवाज वाढवत जातो आणि तीच सवय कान बिघडवते. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आठवड्याला ८० डेसिबलला ४० तास असा आहे आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा, म्हणजे ८३ ला २०च तास. तुमचे रोजचे चार-पाच तास बघता हे महत्त्वाचं आहे. गोंगाट असेल तर नॉइज कॅन्सलिंगवाले, म्हणजे बाहेरचा आवाज दाबणारे वायरलेस घ्या, पंखा-इंजिन अशी एकसुरी घरघर ते छान दाबतात, बोलण्याचे आवाज तेवढे दाबत नाहीत. कोडेकवरून, म्हणजे ब्लूटूथवर आवाज पाठवायच्या पद्धतींवरून (एलडॅक, एएसी वगैरे) होणाऱ्या भांडणात पडू नका, कप कानाला नीट बसतोय का याने आवाजात जेवढा फरक पडतो तेवढा एलडॅक की एएसी याने पडत नाही.

निळी_शाई:
सगळ्यांचे आभार, एवढं नीट कोणी सांगितलं नव्हतं. खोलीत एकटीच असते आणि शांतता असते, त्यामुळे ओपन बॅककडे मन झुकलंय. चष्मा काढून ऐकून बघितलं, अर्धमात्राताई म्हणाल्या तसंच, बेस लगेच भरून आला! आता दोनच शंका. फोनला जॅक नाहीये, लॅपटॉपला आहे. आणि इलेक्ट्रॉनिकसाठी वेगळे घ्यावे लागतील का?

खर्जवाला:
वेगळे अजिबात नकोत, दोन मध्यम घेण्यापेक्षा एक बरा घ्या. इक्वलायझरमध्ये (आवाजाच्या पट्ट्या कमी-जास्त करायच्या अ‍ॅपमध्ये) १०० हर्ट्झच्या खालची पट्टी ४-५ डेसिबल उचला, आणि उचलाल तेवढाच त्यातला प्रीअँप, म्हणजे एकूण आवाजाची पातळी, खाली घ्या नाहीतर आवाज फाटतो. विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट आहे, अँड्रॉइडवर वेव्हलेट. ऑटोइक्यू नावाच्या प्रकल्पात बहुतेक मॉडेलांच्या तयार सेटिंग मिळतात, तिथून सुरुवात करा आणि मग आपल्या कानाने बदला. फोनसाठी यूएसबी-सीचा छोटा डॅक डोंगल, म्हणजे हेडफोनचा जॅक देणारा जोड, पुरतो, ५६०एस शांत खोलीत त्यावर व्यवस्थित वाजेल, एसएचपी९५०० तर नक्कीच. अँपवर आत्ता पैसे घालू नका.

अर्धमात्रा:
मी दोन्हीतून एसएचपी९५०० आधी घालून बघा म्हणेन, कारण चष्म्याला दाब कमी हवाय आणि ५६०एस सुरुवातीला जरा आवळतो. त्याचा आवाज जास्त स्वच्छ आहे हे मान्य, पण तुमचे तास बघता मी दाबालाच जास्त मार्क देईन. आणि जो घ्याल त्याचे पॅड आणि केबल सुटे मिळतात ना एवढं आधी तपासा, ५६०एसला दोन्ही बदलता येतात, ९५०० ची केबल सहज निघते पण पॅड मात्र चिकटवलेले असतात, ते बदलायला खटपट पडते. रोज एवढे तास वापरलेले पॅड चपटे होतातच, आणि चपट्या पॅडमध्ये कान परत आत टेकायला लागतो.