पोशाख, नाच, पदार्थ वजा केले तर प्रदेशाचं वेगळेपण उरतं कशात?

रिकामटेकडी
कुठल्याही प्रदेशावरचा प्रवासाचा व्हिडिओ लावा, साचा एकच. रंगीत कपडे, ढोल, एक म्हातारी काहीतरी विणतेय आणि निवेदक सांगतोय की इथली संस्कृती एकदम आगळीवेगळी. अहो पण रंगीत कपडे घालून ढोलावर कुणीच नाचत नाही असा एक मुलूख दाखवा ना मला. मग वेगळं ते काय राहिलं?

माझं मत सरळ आहे. पाहुण्यांसमोर मांडायला जे बाहेर काढतात ते सोडून द्या, लोक आपसातली भांडणं कशी मिटवतात, पाणी कसं वाटून घेतात, शेवटचा शब्द कोणाचा मानतात, वेगळेपण असलंच तर तिथे असतं. स्पेनमधलं वलेन्सिया घ्या. तिथे दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या दाराबाहेर, उघड्यावरच, काळे अंगरखे घातलेले आठ जण अर्धगोलात खुर्च्यांवर बसतात. ही शेतीच्या पाण्याची पंचायत, आठ कालवे, त्यांचे निवडून दिलेले आठ प्रतिनिधी, सगळे स्वतः शेतकरी. एक हवालदार एकेका कालव्याचं नाव मोठ्याने पुकारतो, कुणाविरुद्ध तक्रार असेल तर दोन्ही बाजू पुढे येऊन उभ्या राहतात, सगळं तोंडी, निकाल जागच्या जागी आणि वर अपील नाही. ज्या कालव्यावरच्या माणसावर तक्रार असते त्याच कालव्याचा प्रतिनिधी निकालात भाग घेत नाही, हे मला फार आवडतं. मुळं अरब अमलापर्यंत जातात असं मानतात, म्हणजे राजे बदलले धर्म बदलला भाषा बदलली, पाण्याचं हे चालूच. याला मी वेगळेपण म्हणेन. बाकी सगळी सजावट.

फटकळ
वाचायला छान वाटलं, पण त्या गुरुवारच्या बैठकीला आज गर्दी कोणाची असते ते पण सांगा की. टुरिस्टांची. कित्येकदा तक्रारच नसते, नावं पुकारतात आणि दोन-चार मिनिटांत उठतात, लोक फोटो काढून पुढे जातात. २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेलं ते. म्हणजे तुमच्याच नियमाने 'पाहुण्यांसमोर मांडायला काढलेलं' झालं ना?

आणि मुळात वेगळेपण नावाचं जे काही असतं ते बहुतेक वेळा कुणीतरी ठरवून उभं केलेलं असतं. स्कॉटलंडचा किल्ट बघा, म्हणजे पुरुषांचा तो चौकड्यांचा घागरा. १७४६ च्या कायद्याने हायलंडच्या, म्हणजे तिथल्या डोंगराळ भागाच्या, पोशाखावर बंदी, १७८२ मध्ये ती उठली, तोवर रोजच्या वापरातून तो बराचसा गेलेला. मग १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला येणार म्हणून कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने स्वागताचा सगळा थाट हायलंडी करून टाकला आणि खालच्या सपाटीवरचे लोक, जे डोंगराळ भागातल्यांना रानटी समजायचे, तेच किल्ट शिवून हजर. अमुक घराण्याचा अमुक चौकडा ही पक्की वाटणी बरीचशी त्यानंतरची. रशियाची ती एकात एक बसणारी बाहुली तर १८९० च्या दशकातली, जपानी बाहुलीवरून सुचली असं मानतात. आज ती बघून कोण म्हणेल ही पुरातन नाही म्हणून?

चष्मिष्ट
सगळे उगाच लांब लांब फिरताय. भाषा. बाकी सगळं उचलून दुसरीकडे नेता येतं, भाषा नेता येत नाही, ती मेली की प्रदेश फक्त नकाशावर उरतो.

नदीकाठ
@चष्मिष्ट, असहमत. स्पेनच्या कॅनरी बेटांमधलं ला गोमेरा माहितीय का? सगळं बेट खोल घळींनी चिरलेलं. समोरच्या उतारावरचा माणूस डोळ्यांना दिसतो पण त्याच्यापर्यंत चालत जायचं तर आधी घळीत उतरा आणि परत चढा, अर्धा दिवस त्यातच. म्हणून तिथले लोक शीळ वाजवून बोलतात, बोट तोंडात घालून, दोन-तीन किलोमीटर सहज ऐकू जातं, आणि नुसती इशाऱ्याची शीळ नाही तर अख्खी वाक्यं. आता गंमत बघा, ही शीळ मूळच्या बेटकऱ्यांची, त्यांची भाषा स्पॅनिश लोक आल्यावर मेली, साफ मेली. शीळ नाही मेली. तीच शीळ लोकांनी स्पॅनिशला लावली आणि आज स्पॅनिश वाजवतात. भाषा गेली, वेगळेपण राहिलं.

आणि तुर्कस्तानच्या काळ्या समुद्राकडच्या डोंगरात कुश्कोय म्हणून गाव आहे, तिथेही असंच शिळेवर बोलणं, पण तुर्की. दोघांचा एकमेकांशी संबंध ऐकिवात नाही. काय सारखं आहे? डोंगर, घळी, लांब लांब घरं. तेव्हा माझं मत, जमिनीचा उतार, पाऊस, वारा हे सगळं ठरवतं, माणूस नंतर त्याला संस्कृती असं भारदस्त नाव देतो.

चष्मिष्ट
म्हणजे मोबाइल आला की तुमची घळ संपली. शीळ तिथे विसाव्या शतकात जवळजवळ बंद पडत आली होती, माणसं बेट सोडून गेली, रस्ते झाले, फोन आले, १९९९ मध्ये शाळेत सक्तीची केली म्हणून टिकली. डोंगर तर तेव्हाही तिथेच होते की! शेवटी वाचवलं कोणी, मास्तरांनी. तासाला बसून शिकवावी लागते ती भाषाच असते हो, तुम्ही तिला उतार म्हणा नाहीतर वारा म्हणा.

रिकामटेकडी
@नदीकाठ, जमिनीनेच सगळं ठरत असेल तर मग हे कसं? वलेन्सियाहून त्याच किनाऱ्याने दीडेकशे किलोमीटर खाली अलिकांते. ऊन तेच, समुद्र तोच, बोलीही बरीचशी तीच. पण वलेन्सियात पाणी जमिनीला चिकटलेलं, जमीन ज्याची त्याला तिच्या वाट्याचं पाणी, ते सुटं विकता येत नाही. अलिकांतेला पाण्याचा हक्क जमिनीपासून सुटा, तिथे पाण्याचा चक्क लिलाव व्हायचा, एकाच्या नावावर जमीन आणि दुसऱ्याच्या नावावर पाणी. एका गावात शेजाऱ्याशी भांडण झालं तर दारासमोर उभं राहून बोलायचं, दुसऱ्या गावात बोली लावायची. मला सांगा, अशा दोन गावांत वाढलेली मुलं शेजारी या माणसाकडे एकसारखं बघतील? कपड्यांवरून तुम्हाला दोघांतला फरक ओळखता यायचा नाही. फरक आहे, आणि तो फार खोल आहे.

नदीकाठ
वलेन्सियाला तुरिया नदी आहे, अलिकांतेच्या मोनेग्रेला त्या मानाने पाणी कुठलं. टंचाई जास्त तिथे बाजार आला. बघा, परत पाणीच.

जुना गडी
बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज राहवेना. दोघांचंही अर्धं पटतंय. बालीतलं सुबक घ्या, म्हणजे पायऱ्या पायऱ्यांच्या भातखाचरांसाठी शेतकऱ्यांनी केलेली पाणी वाटपाची मंडळं. कोणत्या खाचरांना कधी पाणी सोडायचं हे जलमंदिरात बसून ठरतं, पूजेच्या वेळापत्रकासकट. बाहेरच्याला वाटतं देवभोळेपणा. पण त्यात मेख अशी की मोठ्या पट्ट्यातली सगळी शेतं एकाच वेळी पेरली जातात आणि एकाच वेळी रिकामी पडतात, त्यामुळे किडीला खायला काही उरत नाही. १९७० च्या दशकात सरकारने नवीन वाणाचं भात आणलं आणि सांगितलं जमेल तितक्या वेळा लावा, देवळाच्या तारखांची वाट बघू नका. झालं, ज्याने त्याने आपापल्या सोयीने लावलं, बारमाही शेत बघून किडीची चंगळ, शिवाय पाण्यावरून ओढाताण ती वेगळी. पुढे लान्सिंग नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने संगणकावर मांडून दाखवलं की देवळांचं वेळापत्रक हिशोबाला अगदी चोख आहे. आता हे डोंगरामुळे झालं म्हणा, माणसांच्या समजुतीमुळे म्हणा नाहीतर देवामुळे, मला वेगळं करता येत नाही. आणि ज्यांचं आहे ते तरी कुठे वेगळं करतात. तज्ज्ञाने येऊन दाखवेपर्यंत ती त्यांच्या लेखी नुसती शेती होती. संस्कृती म्हणून कुणी मिरवत नव्हतं.

फटकळ
त्याच बालीत केचक नाच पण आहे हो गडीभाऊ. शंभरेक उघडे पुरुष गोल बसून चक चक चक करतात, मध्ये रामायण चालू. जुना बाली नाच म्हणून जगभर पोस्टर लागतात. तो आजच्या रूपात बसवला १९३० च्या दशकात, वाल्टर श्पीस हा जर्मन चित्रकार आणि तिथले नर्तक यांनी मिळून, देव अंगात येण्याच्या जुन्या विधीतला कोरस उचलून त्यात रामकथा घातली, आणि परदेशी पाहुण्यांना दाखवायला सुरुवात झाली. आता तिथल्याच लोकांच्या दोन-तीन पिढ्या तो नाचण्यात गेल्या. खोटा म्हणणार का? एकाच बेटावर एक गोष्ट शेकडो वर्षांची आणि एक शंभरच्या आतली, दोन्ही तिथलीच. जुनं म्हणजे अस्सल हे खूळ आधी काढा डोक्यातून, मग पुढचं बोलू.

मुकादम
@रिकामटेकडी ताई, तुमच्या व्याख्येची अडचण अशी की तिच्यात गाणंबजावणं बसतच नाही, सगळी पाणीवाटप समिती होऊन बसते. त्रिनिदादचं स्टीलपॅन बघा, तेलाच्या पिंपापासून केलेलं वाद्य. १८८० च्या दशकात इंग्रज सरकारने कार्निव्हलमधल्या ढोलांवर निर्बंध आणले. लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. मग डबे, पत्रे, जे हाताला लागेल ते, आणि १९४० च्या दशकात तेलाची मोठी पिंपं. पिंपाचा तळ घणाने ठोकून ठोकून खोलगट करायचा, त्यावर सुरांच्या जागा आखायच्या, आगीवर तापवायचा आणि मग लहान हातोडीने एकेक सूर लावत बसायचं, एक जागा नीट लागली की शेजारची उतरते, असा वैताग. हे करणारे गरीब वस्तीतले पोरं, सभ्य लोक त्यांना गुंड म्हणायचे. १९९२ मध्ये तेच राष्ट्रीय वाद्य झालं. यात पूर्वापार चालत आलेलं काय? काहीच नाही. ठरवून उभं केलेलं? तेही नाही, उलट वरून दाबलेलं. माझ्या मते हातात जे पडलं त्याचं तिथल्या माणसांनी काय केलं, तेवढंच बघावं. टँगो नाचाचा जीव ज्या बँडोनिऑनमध्ये, त्या भात्याच्या वाद्यात, आहे तो तर जर्मनीत बनलेला, तिकडून बोटीने आलेला. आणि टँगो आमचा म्हणून अर्जेंटिना-उरुग्वे दोघं हक्क सांगतात, २००९ मध्ये युनेस्कोकडे शेवटी दोघांनी मिळून अर्ज केला.

रिकामटेकडी
मुकादम, स्टीलपॅन टिकलं कशामुळे? वस्तीवस्तीचे पॅनयार्ड, म्हणजे बँडची तालमीची अंगणं. कार्निव्हलच्या आधी रात्र रात्र तालीम, अमुक बँड अमुक गल्लीचा, त्यासाठी हाणामाऱ्याही झाल्यात. वाद्य दुकानात मिळतं, पॅनयार्ड मिळत नाही. मी तेच म्हणतेय ना पहिल्यापासून.

फटकळ
म्हणजे काहीही आणा, तुम्ही म्हणणार बघा मागे व्यवस्था आहे. मग व्यवस्था नाही असं जगात आहे तरी काय? पोस्टाच्या रांगेलाही व्यवस्था असते ताई.

नदीकाठ
आणि पिंपं कुठून आली ते कुणीच बोलत नाहीये. त्रिनिदादमध्ये तेल निघतं. वर महायुद्धात अमेरिकन तळ, पिंपांना काय तोटा.

मुकादम
तेल निघणारे देश मोजायला बसलात तर दोन्ही हातांची बोटं पुरायची नाहीत. बाकीच्यांनी पिंपात तेलच भरलं.

चष्मिष्ट
+१. (तरी भाषाच.)