मदत हवी आहे: अंडं-दूध सोडल्यावर केक मधे बसतो

मैदा २०० ग्रॅम, साखर १२०, तेल ८० मिली, सोया दूध २०० मिली, बेकिंग पावडर दीड चमचा, व्हिनेगर १ चमचा. दोन अंड्यांऐवजी २ मोठे चमचे जवसाची पूड ६ मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून. ओव्हन १८०, ४० मिनिटं. कडा छान फुगतात, पण मधे खड्डा पडतो आणि आत चिकट राहतं.

बेकिंग पावडर ताजी आहे, गरम पाण्यात फसफसते. वेळ वाढवली तर कडा करपतात. मला वाटतं जवसाचा चिकटपणा पाणी धरून ठेवतो, पण अंड्यासारखा उष्णतेने घट्ट होत नाही. इकडं खानापुरात अंड्याची तयार पर्यायी पावडर मिळत नाही. जवस, छोले, कॉर्नफ्लोर मिळतं. दही चालणार नाही.

जवस निम्मं करून कॉर्नफ्लोर घालू, की सोया दूध कमी करू? किती?