संरक्षण निर्यात नियंत्रणाच्या सरकारी कामात अभियंत्याला अभियांत्रिकी करायला मिळते का?

मिश्रधातू यांचा प्रश्न

नमस्कार. मी धातू अभियांत्रिकीत पदव्युत्तर शिक्षण घेतले असून सध्या कार्बन तंतू आणि उच्च ताकदीची पोलादे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. माल परदेशी जाण्यापूर्वी निर्यात परवान्याच्या अर्जाला जी तांत्रिक माहिती जोडावी लागते, ती तयार करण्याचे काम बरेचदा माझ्याकडे येते. त्यातूनच मला हे अर्ज सरकारच्या बाजूने तपासणाऱ्या अभियंत्यांच्या कामाविषयी कुतूहल वाटू लागले. अशा पदासाठी अर्ज करावा असे मनात आहे.

माझ्या शंका दोन आहेत. या पदांवर अभियंत्याच्या ज्ञानाचा खरोखर उपयोग होतो, की नियंत्रित वस्तूंच्या यादीतला क्रमांक जुळवून फाइल पुढे पाठवण्यापुरतेच काम उरते? आणि प्रयोगशाळा सोडून काही वर्षे तेथे घालवली, तर माझे मूळ विषयातले ज्ञान मागे पडेल का? ज्यांनी हे काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

परवाना_तपासणी यांचे उत्तर

मी अनेक वर्षे तांत्रिक अभिप्राय देणाऱ्या सरकारी विभागात काम केले आहे, म्हणून आपल्या पहिल्या शंकेबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

आधी रचना समजून घ्यावी, कारण तीत अभियंत्याची जागा नेमकी कोठे आहे हे बाहेरून दिसत नाही. अमेरिकेत शस्त्रसामग्रीचे परवाने परराष्ट्र खाते देते आणि दुहेरी वापराच्या, म्हणजे नागरी आणि लष्करी दोन्ही कामी येणाऱ्या, वस्तूंचे परवाने वाणिज्य खाते देते. पण दोन्ही खाती संरक्षण खात्याचे मत मागवतात, आणि त्यासाठी त्या खात्यात १९८५ मध्ये स्थापन झालेले तंत्रज्ञान सुरक्षेचे प्रशासन आहे. भारतात ‘स्कोमेट’ या निर्यात-नियंत्रित वस्तूंच्या यादीतील शस्त्रसामग्रीचा सहावा प्रवर्ग संरक्षण उत्पादन विभाग पाहतो, तर इतर बहुतेक प्रवर्गांचे अर्ज विदेश व्यापार महासंचालनालयाकडे येऊन आंतरमंत्रालयीन गटापुढे जातात. इतर देशांतील कार्यालयांची नावे वेगळी असली तरी घडण साधारण अशीच असते. अंतिम सही बहुधा अभियंत्याची नसते. मात्र ज्यांची सही असते ते अधिकारी कायदा, व्यापार किंवा परराष्ट्र धोरण जाणणारे असतात, आणि वस्तू प्रत्यक्षात काय करू शकते याबाबत त्यांना पूर्णपणे अभियंत्याच्या अभिप्रायावर विसंबून राहावे लागते.

यादीतला क्रमांक जुळवणे ही कामाची फक्त सुरुवात आहे. ‘मॅरेजिंग’ या अतिशय उच्च ताकदीच्या पोलादाचेच उदाहरण घ्या, ते आपल्या परिचयाचे असेल. अणुपुरवठादार गटाच्या, म्हणजे अणुसंबंधित निर्यातीचे नियम ठरवणाऱ्या देशांच्या गटाच्या, यादीत १,९५० मेगापास्कल किंवा त्याहून अधिक ताणशक्ती गाठू शकणारे असे पोलाद नियंत्रित आहे. परंतु ज्या तुकड्यांची प्रत्येक लांबी-रुंदी ७५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी आहे, ते तुकडे त्यातून वगळले आहेत. हेच पोलाद साच्यांसाठी लागते, विमानांच्या भागांसाठी लागते, रॉकेटच्या मोटारीच्या कवचासाठी लागते आणि युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजच्या फिरत्या नळीसाठीही लागते. अर्जदार म्हणतो की साचे करायचे आहेत. मग मागणी ठोकळ्यांऐवजी पातळ भिंतीच्या नळ्यांची का आहे? साच्यासाठी एवढी काटेकोर मितीय अचूकता कशाला हवी? हे प्रश्न ज्याने साचा पाहिला आहे त्यालाच सुचतात, यादी पाठ असणाऱ्याला सुचत नाहीत.

मागणीच्या संख्येचेही तसेच आहे. मूत्रखडे फोडणाऱ्या वैद्यकीय यंत्रात वापरला जाणारा विद्युत ठिणगी-स्विच अण्वस्त्राच्या स्फोटक प्रणालीतही चालतो. २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील एका मध्यस्थामार्फत पाकिस्तानसाठी असे २०० स्विच मागवण्यात आले होते, आणि रुग्णालयाच्या नावाखाली आलेली ती संख्या कोणत्याही रुग्णालयाच्या गरजेशी जुळत नव्हती. एक यंत्र किती स्विच वापरते आणि ते किती दिवस टिकतात हे ठाऊक असल्याखेरीज ‘ही संख्या जास्त आहे’ असे ठामपणे लिहिता येत नाही.

याच्याही पुढचे काम म्हणजे यादीतल्या मर्यादा ठरवणे, आणि माझ्या मते या क्षेत्रातले सर्वांत समाधान देणारे काम तेच आहे. शस्त्रे आणि दुहेरी वापराच्या वस्तूंच्या निर्यात नियंत्रणासाठी १९९६ मध्ये सुरू झालेल्या वासेनार व्यवस्थेत आज ४२ देश सहभागी आहेत. तिचे सचिवालय व्हिएन्नात आहे आणि तेथे सदस्य देशांचे तंत्रज्ञ एकेका आकड्यावर वाद घालतात. उष्णताचित्रण कॅमेऱ्यांच्या यादीत सेकंदाला ९ चित्रांची जी सीमा आहे, ती अशाच चर्चेतून आली: इमारतीतील उष्णतेची गळती शोधायला तेवढा वेग पुरतो, पण हलत्या लक्ष्याचा माग काढायला तो अपुरा ठरतो. मर्यादा फार खाली ठेवली तर बाजारात सर्रास मिळणाऱ्या वस्तूंच्या अर्जांचा ढीग साचतो आणि फार वर ठेवली तर जे रोखायचे तेच सुटून जाते. असा एक आकडा शोधण्यासाठी पदार्थविज्ञान, उत्पादनप्रक्रिया आणि बाजार या तिन्हींची जाण लागते. त्यामुळे पहिल्या शंकेचे माझे उत्तर असे, की अभियांत्रिकी भरपूर आहे. फक्त ती हातांनी करायची नसून तर्काने आणि लेखणीने करायची आहे.

यंत्रशाळा यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण एक गोष्ट अधिक जोर देऊन सांगावीशी वाटते. शिक्षण संपताच या कामात शिरू नये. आधी काही वर्षे यंत्रांजवळ, चाचण्यांजवळ घालवावीत.

१९८७ मध्ये उघडकीस आलेले तोशिबा मशीनचे प्रकरण आठवा. जहाजांचे पंखे कोरणारी बहुअक्षीय (हत्यार एकाच वेळी अनेक अक्षांवर हलवणारी) यंत्रे जपानमधून आणि त्यांचे संगणकीय नियंत्रक नॉर्वेतील काँग्सबर्गकडून सोव्हिएत संघात गेले. कागदोपत्री ती यंत्रे कमी क्षमतेची दाखवली होती. पाणबुड्यांच्या पंख्यांचा आवाज कमी करण्यास त्यांची मदत झाली, असा आरोप झाला आणि तत्कालीन निर्यात नियंत्रण व्यवस्थेला मोठा हादरा बसला. अशा अर्जात अक्षांची संख्या खोटी लिहिता येते. परंतु यंत्राचे वजन, पायाचा आराखडा, सुट्या भागांची यादी आणि नियंत्रकाची क्षमता एकमेकांशी सुसंगत ठेवून खोटे लिहिणे कठीण असते, आणि ती विसंगती पकडण्यासाठी अशी यंत्रे चालवलेला माणूस टेबलाच्या त्या बाजूला असावा लागतो. आपल्याकडे प्रयोगशाळेचा अनुभव आहे, म्हणून आपण योग्य वेळी विचार करत आहात असे मला वाटते.

मिश्रधातू

दोघांचेही मनापासून आभार. ज्ञान मागे पडण्याविषयी आणि या नोकरीच्या बंधनांविषयीही कोणी लिहिले तर निर्णय घेणे सोपे जाईल. मुलाखतीची तयारी कशी करावी, हेही कृपया सांगावे.

प्रकाशिकी यांचे उत्तर

मी भौतिकशास्त्रातून या कामात आले, त्यामुळे आपली दुसरी शंका मला पूर्ण समजते. ज्ञान मागे पडते, हे खरे आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. एका विषयातली खोली हळूहळू कमी होते आणि तिच्या जागी रुंदी येते: सकाळी लेसरचा अर्ज, दुपारी विशेष लेपांचा, दुसऱ्या दिवशी जडत्वीय दिशादर्शनाचा. ही रुंदी काहींना आवडते, काहींना त्रास देते. शोधनिबंध लिहिण्याची सवय असलेल्यांना आणखी एक गोष्ट जड जाते. अर्जदारांनी दिलेली माहिती व्यापारी गुपित असते आणि त्यामागील संदर्भ अनेकदा शासकीय गोपनीयतेत मोडतात, म्हणून आपण वर्षभर केलेल्या उत्तम कामाबद्दल बाहेर एक ओळही लिहिता येत नाही. नागरिकत्वाची अट असते आणि सुरक्षा पडताळणीला वेळ लागतो. नोकरी सोडल्यावर लगेच एखाद्या निर्यातदार कंपनीकडे जाण्यावरही अनेक ठिकाणी निर्बंध असतात, ते नियुक्तीपूर्वीच वाचून घ्यावेत.

ज्ञान ताजे ठेवण्याचा मार्गही याच कामात आहे. २०२४ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि इतर काही देशांनी क्वांटम संगणक आणि प्रगत अर्धवाहक उत्पादनाशी संबंधित वस्तूंवर आपापली नवी नियंत्रणे आणली. असा बदल आला की विभागाला त्या विषयाची माणसे हवी असतात, परिषदांना पाठवणे भाग पडते, प्रयोगशाळांच्या भेटी होतात. त्या संधी मागून घ्याव्या लागतात. मागितल्याशिवाय मिळत नाहीत.

आणखी एका गोष्टीची मला काळजी वाटते. नवा अधिकारी अनेकदा ‘नाही’ म्हणणे सुरक्षित समजतो. पण विनाकारण अडवलेल्या उपकरणामुळे एखादे रुग्णालय किंवा संशोधन गट महिनोन्‌महिने थांबून राहतो आणि ते नुकसान कोणत्याही फाइलवर नोंदले जात नाही. शंका असेल तर नकाराआधी अर्जदाराला नेमका प्रश्न विचारावा, किंवा अटींसह परवाना देता येईल का ते पाहावे.

तयारीसाठी आपल्याच विषयातली एक नोंद घ्या. अणुपुरवठादार गटाच्या यादीत कार्बन तंतूसाठी दोन कसोट्या आहेत आणि त्यांपैकी एक जरी लागू झाली तरी तंतू नियंत्रित ठरतो: विशिष्ट गुणांक (वजनाच्या मानाने ताठरपणा) १.२७ कोटी मीटर किंवा अधिक, अथवा विशिष्ट ताणशक्ती (वजनाच्या मानाने ताणशक्ती) २.३५ लाख मीटर किंवा अधिक. आता २३० गिगापास्कल यंग गुणांक, ३.५३ गिगापास्कल ताणशक्ती आणि दर घन सेंटिमीटरला १.७६ ग्रॅम घनता असलेला सर्वसाधारण तंतू घ्या. गुणांकाला एकक घनफळाच्या वजनाने भागले की सुमारे १.३३ कोटी मीटर येतात. ताणशक्तीला भागले की सुमारे २.०४ लाख. म्हणजे दुसऱ्या कसोटीत न बसणारा हा तंतू पहिल्या कसोटीने नियंत्रणात येतो, आणि हाच तंतू क्रीडासाहित्यातही वापरला जातो.

इथपर्यंत गणित झाले. यानंतर एका काल्पनिक अर्जावर एक पानी अभिप्राय लिहून पाहा: सांगितलेल्या वापराला हाच तंतू का हवा, कमी प्रतीचा का चालणार नाही, मागणी किती आहे, तंतू गुंडाळून वस्तू घडवणारे यंत्र खरेदीदाराकडे आहे का, आणि कोणती माहिती मिळाली तर तुमचे मत बदलेल. ते पान अभियांत्रिकीशी संबंध नसलेल्या एखाद्या सुजाण व्यक्तीला वाचायला द्या. तिला तुमचा निष्कर्ष तुमच्याशिवाय दुसऱ्याला समजावून सांगता आला नाही, तर ते पान पुन्हा लिहा. मुलाखतीत सूत्रे फारशी विचारत नाहीत. अपुऱ्या माहितीवरून मत कसे बांधता आणि ते किती खात्रीने मांडता, हे मात्र बारकाईने पाहतात.