ग्लॉस्टरशरचं बॅडमिंटन हाऊस: हा वारसा जपण्यासारखा आहे का?

मोगरा:

बॅडमिंटन हे एका गावाचं नाव आहे, हे इथे बऱ्याच जणांना माहीत नसेल. नैऋत्य इंग्लंडातल्या ग्लॉस्टरशर परगण्यात ते आहे. गावाला लागून ब्यूफोर्टच्या ड्यूक घराण्याचा वाडा, बॅडमिंटन हाऊस, आणि वाड्याभोवती नजर पोचेल तिथवर कुरण. आपल्या फूल-रॅकेटला हे नाव मिळालं ते या वाड्यावरून. मी ब्रिस्टलला राहते, तिथून हे जवळच. दर मे महिन्यात तिथल्या इव्हेंटिंगच्या, म्हणजे तीन टप्प्यांच्या घोडेस्वारीच्या, स्पर्धेला मी स्वयंसेवक म्हणून जाते.

धागा काढायचं कारण असं. परवा आमच्या मराठी मंडळात मी या स्पर्धेबद्दल बोलले, तर एक काका म्हणाले, "जमीनदारांची हौस ती. त्यात आपण कशाला राबायचं?" मला ते फार लागलं. माझं मत सरळ आहे: या इस्टेटीचा खेळांचा वारसा जपला पाहिजे, आणि त्याचं श्रेय वाड्याला मोकळेपणाने दिलं पाहिजे.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला या खेळात घरच्या मैदानावर पदक मिळालं नाही. ते बघून दहाव्या ड्यूकने आपलं कुरण सरावाला आणि स्पर्धेला देऊ केलं. १९४९ साली पहिली स्पर्धा झाली, ब्रिटन आणि आयर्लंडचे मिळून २२ घोडे उतरले. आज तीच स्पर्धा जगात सगळ्यात मानाची समजली जाते. आधी ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चाली, मग क्रॉस-कंट्री, म्हणजे कुरणातल्या अडथळ्यांवरून दौड, शेवटी जंपिंग. घोडा तोच, स्वारही तोच.

आणि एक गोष्ट माझ्या फार जवळची. ऑलिंपिकमध्ये या प्रकारात बायकांना १९६४ पर्यंत प्रवेश नव्हता. बॅडमिंटनला मार्गारेट हफ यांनी १९५४ सालीच सगळ्या पुरुषांना मागे टाकून जेतेपद मिळवलं. शीला विलकॉक्स यांनी १९५७, ५८, ५९ अशी लागोपाठ तीन वर्षं जिंकली. पुढे लुसिंडा ग्रीन सहा वेळा जिंकल्या, सहाही वेळा वेगळ्या घोड्यावर. बायकांची वेगळी स्पर्धा नाही, वेगळी रांग नाही. हे त्या कुरणात घडलं.

माझं काम एका अडथळ्यापाशी असतं. मांडीवर नोंदीचा कागद, गळ्यात शिट्टी, कारण लोक दोरी ओलांडून मधे येतात. घोडा दिसायच्या आधी कळतो. टापांचा हादरा जमिनीतून तळव्यांना जाणवतो, मग नाकपुड्यांची फुरफुर, मग स्वार घोड्याशी बोलत असतो ते ऐकू येतं, "शाब्बास, शाब्बास" असंच काहीतरी. आणि एका क्षणात सगळं डोक्यावरून गेल्यासारखं निघून जातं, अंगावर चिखलाचे शिंतोडे राहतात. हे ज्याने बघितलंय तो याला नुसती हौस म्हणणार नाही.

कसबा पेठ:

मोगराताई, लिहिलंय मनापासून, पण "श्रेय वाड्याला" हे मला मान्य नाही. घोड्यांचं असेल. फूल-रॅकेटचं मुळीच नाही.

वाड्यात काय खेळत होते? लाकडी किंवा कातडी ताणलेल्या बॅटने फूल हवेत ठेवायचं, खाली पडू द्यायचं नाही, बस. जाळं नाही, हारजीत नाही, दोघांनी मिळून आकडा वाढवायचा. १८३० साली या सोमरसेट घराण्यातल्या (ब्यूफोर्टच्या ड्यूकांचं हे आडनाव) मंडळींनी २११७ टोले सलग मारल्याची नोंद आहे. मजेचा खेळ आहे, पण तो बॅडमिंटन नव्हे. पावसामुळे पाहुणे आत अडकले, त्यांनी दिवाणखान्यात दोरी बांधली आणि बॅडमिंटन जन्मलं, ही गोष्ट सगळे सांगतात. वाड्यातल्या हॉलच्या मापावरून कोर्टाचं ४४ बाय २० फूट हे माप आलं असंही सांगतात. मला ते पटत नाही.

आता पुण्याकडे बघा. इथल्या छावणीत हा खेळ इतका रुळला होता की खेळाचंच नाव "पूना" पडलं. नियम बांधले गेले ते इथे, १८७३ साली. वारा असला की फुलाऐवजी लोकरीचा चेंडू वापरायचे. रजेवर आणि निवृत्तीला परत गेलेल्या अधिकाऱ्यांनी तो इंग्लंडात नेला, १८७५ ला फोकस्टनमध्ये क्लब काढला. इंग्लंडची संघटना झाली १८९३ ला, ऑल इंग्लंड स्पर्धा १८९९ ला. म्हणजे खेळ गेला इथून आणि नाव लागलं तिथलं. मी रोज सकाळी सहाला कोर्टवर असतो, वय एकसष्ट. कोर्टवरच्या पोरांना "पूना" हे नाव सांगितलं की ती माझ्याकडे बघत राहतात, कुणी कधी सांगितलेलंच नसतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रानवाट:

कसबा पेठ, तुमच्या म्हणण्यात एक भोक आहे. पुण्यात नियम लिहिले ते कोणी? इंग्रज अधिकाऱ्यांनीच, स्वतःच्या करमणुकीसाठी, स्वतःच्या आवारात. फूल उचलून द्यायला आणि जाळं बांधायला आपली माणसं असतील, त्यांची नावं कुठेच नाहीत. मग तो "आपला" खेळ कसा झाला? माझ्या मते आपला झाला तो पुढे, आपल्या माणसांनी खेळून. सांगलीचे नंदू नाटेकर १९५६ साली क्वालालंपूरला सेलंगर स्पर्धा जिंकले, परदेशात बॅडमिंटनचं विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय. १९६१ ला पहिल्या अर्जुन पुरस्काराच्या यादीत त्यांचं नाव होतं. १९८० ला प्रकाश पदुकोण, २००१ ला गोपीचंद यांनी ऑल इंग्लंड जिंकलं. हा वारसा सांगा, छावणीचा कशाला?

नांगर:

मी मोगरा यांच्या मंडळातल्या त्या काकांच्या बाजूने.

इस्टेट म्हणजे कुरण आणि वाडा एवढंच नसतं. इस्टेट म्हणजे कुळं. आमच्या घरात कूळकायद्याआधीचे दिवस आजीने पाहिलेले. १ एप्रिल १९५७ ची गोष्ट ती सणासारखी सांगायची, कारण त्या दिवशी कसणारा मालक झाला. इंग्लंडात तो दिवस उगवलाच नाही. ब्यूफोर्ट घराण्याला ड्यूक ही पदवी १६८२ ला मिळाली, आणि आजही हक्क कुठवर जातात पाहा: वेल्समधल्या स्वॉन्झी शहरात टॉवे नदीवर पूल बांधायचा होता. नदीच्या तळावर या घराण्याचा जुना हक्क निघाला, म्हणून नगरपालिकेने सुमारे २ लाख ८० हजार पौंड मोजले. पूल लोकांचा, नदी लोकांची, पैसे इस्टेटीला.

दुसऱ्या महायुद्धाची एक गोष्ट तिथे गमतीने सांगतात. तेव्हाच्या राजाची आई, राणी मेरी, १९३९ ते १९४५ या वाड्यात राहायला होती, पन्नासहून जास्त नोकरांसह. युद्धासाठी लोखंड गोळा करायचा तिला ध्यास. शेतात पडलेलं लोखंड दिसलं की उचलून आणायची. त्यात कुळांची चालती अवजारंसुद्धा यायची, आणि नोकर ती गुपचूप परत नेऊन द्यायचे. लोक हसतात. मला त्या शेतकऱ्याचं तोंड दिसतं. सकाळी बांधावर गेला आणि अवजार नाही. विचारायचं कुणाला?

आणि शिकार तर कुणी काढलीच नाही अजून. या वाड्याचा सगळ्यात जुना खेळ तोच. १७६२ ला पाचव्या ड्यूकने हरणं सोडून कोल्ह्यांमागे कुत्री लावली, तेव्हापासून ब्यूफोर्ट हंट, म्हणजे इथली शिकारमंडळी. एका जनावरामागे कुत्र्यांचा अख्खा कळप, त्यामागे घोडे. तो खेळ? निळा कोट घालून केलं म्हणून क्रूरपणा सभ्य होत नाही.

पागेवाला:

घोड्यांवरून काही बोलतो, माझी हयात पागेत गेली. आधी लष्करात, मग रेसकोर्सवर.

नांगरभाऊ, तुमचा राग कळतो, पण एक लक्षात घ्या. मोगराताई सांगतात ती क्रॉस-कंट्री शिकारीतूनच आली आहे, आणि घोडदळाच्या कसोटीतून. बांध, खंदक, कुंपण, पाणी, जे शिकारीत आडवं येतं तेच स्पर्धेत मांडतात. शिकार वाईट म्हणून तिचं नाव पुसलं तर हा खेळ कुठून आला हे सांगताच येणार नाही. आपल्याकडचं बघा: १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत रघुबीर सिंग यांनी याच प्रकारात सुवर्ण आणलं. मग थेट २०१८ ला जकार्तात फवाद मिर्झा यांचं रौप्य. मधली छत्तीस वर्षं वैयक्तिक पदक नाही. असं एक कुरण आपल्याकडे हवं होतं, असं मला नेहमी वाटतं.

पण मोगराताई, तुम्हीही एक बाजू सोडलीत. हा खेळ जीव घेतो. १९९९ या एका वर्षात ब्रिटनमध्ये पाच स्वार गेले. घोडा घट्ट ओंडक्याला अडखळून उलटा होतो आणि स्वारावर पडतो, ते सगळ्यात वाईट. त्यानंतर ठरावीक जोराचा धक्का बसला की सुटणाऱ्या खिळ्या ओंडक्यांना बसवायला लागले. म्हणजे सुधारता येत होतं, माणसं गेल्यावर सुधारलं. घोडा आत आला की मोतद्दार गार पाणी ओततात आणि निथळवतात, पुन्हा ओततात, पुन्हा निथळवतात, छातीचा भाता खाली येईपर्यंत. त्या दहा मिनिटांत मोतद्दाराचा चेहरा बघा एकदा. श्रेय द्यायचं तर तिथपासून सुरू करा.

विल्टशरची सून:

मी या भागात एकोणीस वर्षं राहते, नवरा जनावरांच्या डॉक्टरांकडे कामाला आहे. शिकारीवर बंदी आणणारा कायदा २००४ चा, लागू झाला फेब्रुवारी २००५ पासून. तो योग्यच होता असं माझं मत. तरी नांगर यांनी रंगवलंय तेवढंच खरं नाही.

इथे गाय मेली, घोडा मेला की उचलायला हंटच्या कुत्रेघराची गाडी येते, वर्षानुवर्षं. शिकारी कुत्र्यांची पिल्लं उन्हाळ्यात शेतकऱ्यांच्या घरी वाढायला देतात. आमच्या शेजारच्या आजीबाईंकडे दोन असायची. अंगणातले बूट पळवायची, कोंबड्यांमागे धावायची, आणि शरद ऋतूत परत न्यायला माणूस आला की आजीबाई दोन दिवस कुणाशी बोलायच्या नाहीत. नोव्हेंबर ते मार्च या अंधाऱ्या महिन्यांत एकट्या शेतकऱ्याला माणसं भेटायची ती हंटमुळे. याला सामाजिक वारसाच म्हणायचं ना? क्रूरपणा गेला पाहिजे, पण त्याच्याबरोबर हे भेटणंही जातं, आणि त्याची जागा कुणी भरलेली नाही.

द्वेषही मी पाहिलाय. दहावा ड्यूक १९८४ च्या सुरुवातीला वारला, त्याच वर्षी नाताळच्या सुमाराला शिकारविरोधकांपैकी काही जणांनी गावातल्या चर्चशेजारची त्याची कबर उकरायचा प्रयत्न केला. शिकार कितीही वाईट असो, मेलेल्या माणसाच्या मातीला हात लावणं मला पटत नाही.

नांगर:

कबरीचं कुणीच समर्थन करणार नाही, मीही नाही. पण ताई, मेलेली गाय उचलायला गाडी हवी तर ती पंचायतीने ठेवावी. गरजेच्या सेवा मालकाच्या शौकाला बांधलेल्या असतात, म्हणून लोकांना शौकाविरुद्ध बोलता येत नाही. आणि बंदीनंतर काय चाललंय? वासाचं फडकं ओढत न्यायचं, कुत्री त्यामागे सोडायची, आणि वाटेत कोल्हा निघालाच तर "चुकून". २०२४ च्या निवडणुकीत मजूर पक्षाने यावरही बंदीचं वचन दिलं ते उगाच नाही.

विल्टशरची सून:

सगळीकडे "चुकून"च होतं असं म्हणणं अन्याय आहे. पण होतं, हे मी नाकारत नाही.

मोगरा:

सगळं दोनदा वाचलं. पागेवालाकाका, तुमचं पहिल्यांदा. मी मोतद्दारांबद्दल एक ओळ लिहिली नाही याची मला लाज वाटते, कारण मी त्यांच्या शेजारीच बसून डबा खाते. पहाटे चारला उठलेल्या असतात त्या मुली. घोडा सुखरूप परत आला की त्याच्या मानेत तोंड खुपसून रडतात.

शिकारीवर मी नांगर यांच्याबरोबर. वासाच्या फडक्याचाही निकाल लागावा.

पण श्रेयाचा मुद्दा मी सोडत नाही. जमीन त्यांच्याकडे कशी आली हा प्रश्न रास्त आहे. तरी १९४९ साली ती खेळाला मोकळी केली, आणि बायकांना ऑलिंपिकच्या दहा वर्षं आधी तिथे जिंकता आलं, हेही खरं आहे. मालकाने चांगलं केलं तर ते चांगलं म्हणायला मला कूळकायदा आड येत नाही.

कसबा पेठ, तुमची सकाळी सहाची ओळ मनात राहिली. मी लहानपणी साताऱ्याला वाड्याच्या दोन खांबांना सुतळी बांधून खेळलेय, आणि "पूना" हे नाव मला पस्तिशीनंतर इंग्लंडात कळलं. इस्टेटीला पत्र लिहायचं ठरवलंय: वाड्याची आणि खेळाची माहिती जिथे जिथे देतात तिथे "पुणे, १८७३" यावं. मसुदा असा सुरू करतेय: "आम्ही महाराष्ट्रातून आलेले, या परगण्यात राहणारे लोक आपल्याला विनंती करतो की…"

कसबा पेठ:

"विनंती" काढा. "कळवतो" लिहा. माझं नाव खाली घाला.

रानवाट:

पुण्याबरोबर जाळं बांधणाऱ्यांचाही उल्लेख हवा, नाव नसलं तरी. नाहीतर आपण एका वाड्याचं नाव काढून दुसऱ्या छावणीचं लावतोय.

नांगर:

मी सही करणार नाही. ड्यूकला पत्र लिहून आपला इतिहास मागायचा हेच मला पटत नाही. पण रानवाट म्हणतात ती ओळ घातलीत तर मसुदा वाचून दुरुस्त करून देईन.

मोगरा:

घालते. उद्या रात्री इथेच टाकते.