शब्दचर्चा : रिव्हर्स प्रॉक्सी 'उलटा' असतो का? आणि 'पुढचा सर्व्हर' म्हणजे नेमका कुठला?

जुळे सोलापूर : अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्याच्या ऑर्डर-ॲपसाठी मराठीत टिपण लिहितोय. टॉमकॅट (ॲप चालवणारा सर्व्हर) ८०८० पोर्टवर, त्याच्यासमोर इंजिनएक्स (बाहेरच्या विनंत्या घेणारा वेब सर्व्हर, इथे रिव्हर्स प्रॉक्सी) ८० आणि ४४३ वर. रिव्हर्स प्रॉक्सीला 'उलट प्रॉक्सी' लिहावं का? शिवाय 'पुढचा सर्व्हर बंद असल्यास' या वाक्यावरून कुणी इंजिनएक्स समजतं, कुणी टॉमकॅट. काय लिहावं?

नवी पेठ : 'उलट' नको. त्यात उलटं काही वाहत नाही. मध्यस्थ कुणाच्या बाजूचा, एवढाच फरक आहे. साधा प्रॉक्सी मागणाऱ्याचा माणूस : ऑफिसातल्या सगळ्यांच्या वतीने तो बाहेर जातो. रिव्हर्स प्रॉक्सी देणाऱ्याचा. बाजार समितीत कांदा आला की अडत्या शेतकऱ्याच्या बाजूने उभा राहतो, खरेदीदार त्याच्याशीच बोलतो, शेतावर जात नाही. हा ॲपचा अडत्या.

चाटी गल्ली : बाजू बरोबर सांगितलीत, पण अडत्या सौदा करतो. हा फक्त निरोप आत नेतो आणि उत्तर बाहेर आणतो. त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : वाड्याची देवडी. येणारा प्रत्येक जण तिथेच थांबतो.

देवडी म्हटलं की जोडणीतल्या चुकाही नीट समजतात. पहिली : देवडी बांधली आणि परसदार उघडंच ठेवलं. टॉमकॅटच्या सर्व्हर डॉट एक्सएमएल फाइलमध्ये कनेक्टरला (विनंत्या घेणाऱ्या भागाला) ॲड्रेस १२७.०.०.१, म्हणजे मशीनचा स्वतःचाच पत्ता, दिला नाही आणि फायरवॉलही नसली, तर कुणीही थेट ८०८० वर येतो, तेही टीएलएसशिवाय, म्हणजे एचटीटीपीएसच्या कुलपाविना. (इंजिनएक्स आणि टॉमकॅट एकाच मशीनवर असतील तरच हा पत्ता.)

दुसरी : देवडीवाला आत जाऊन नुसतं 'कुणीतरी आलंय' म्हणतो. वेगळं सांगितलं नाही तर इंजिनएक्स होस्ट हेडरमध्ये (विनंतीसोबतच्या साइटच्या नावाच्या नोंदीत) प्रॉक्सी-पासमधलंच, म्हणजे टॉमकॅटचा पत्ता देणाऱ्या ओळीतलंच, नाव घालतो आणि टॉमकॅटला प्रत्येक पाहुणा १२७.०.०.१ वरून आलेला दिसतो. म्हणून होस्ट, एक्स-फॉरवर्डेड-फॉर (पाहुण्याचा खरा पत्ता) आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो (तो एचटीटीपीने आला की एचटीटीपीएसने) ही तिन्ही हेडरं लावायची. आणि आतल्याने निरोप ऐकायला हवा : रिमोट-आयपी-व्हॉल्व्ह ही टॉमकॅटची सोय लावल्याशिवाय टॉमकॅट शेवटच्या दोन हेडरांकडे बघत नाही. मग ॲपला वाटतं पाहुणा साध्या एचटीटीपीवर आलाय, ते त्याला एचटीटीपीएसकडे पाठवतं, तो परत येतो, पुन्हा तेच. ब्राउझर थोड्या फेऱ्यांनंतर हात टेकतो.

होटगी रोड : खरी गोची 'पुढे' या शब्दात आहे. 'टॉमकॅटच्या पुढे इंजिनएक्स लावलाय', इथे पुढे म्हणजे समोर, रस्त्याच्या बाजूला. 'इंजिनएक्सने विनंती पुढे पाठवली', इथे पुढे म्हणजे यानंतर, आतल्या बाजूला. दोन्ही मराठी शुद्ध आणि दिशा विरुद्ध. म्हणून 'पुढे पाठवणे' हे क्रियापद ठेवा, 'पुढचा सर्व्हर' आणि 'मागचा सर्व्हर' दोन्ही काढून टाका.

एरर लॉगमध्ये 'अपस्ट्रीम' येतं, तेही समजावून द्या. भीमेवर उजनी वर, पंढरपूर खाली. पाणी तिकडून येतं. इथे पाणी म्हणजे उत्तर. ते टॉमकॅटकडून येतं, म्हणून टॉमकॅट अपस्ट्रीम. विनंतीचा प्रवाह डोळ्यांपुढे ठेवला की हा शब्द हमखास उलटा लागतो.

जुळे सोलापूर : मग 'वरचा सर्व्हर' लिहू?

होटगी रोड : नको, वरच्या मजल्यावर शोधतील की ओ. सरळ नावं लिहा. एररच्या आकड्यांसमोर कारणही लिहा. ५०२ आणि लॉगमध्ये १११ कनेक्शन रिफ्यूज्ड : टॉमकॅट बंद किंवा पोर्ट चुकलाय. ५०२ च, पण १३ परमिशन डिनाइड : बहुतेकदा एसई-लिनक्स (लिनक्सचा सुरक्षा पहारा) अडवतंय, त्याची एचटीटीपीडी-कॅन-नेटवर्क-कनेक्ट ही परवानगी चालू करा. ५०४ : टॉमकॅट जागा आहे पण उत्तराला उशीर; प्रॉक्सी-रीड-टाइमआउट (इंजिनएक्स उत्तराची वाट बघतो तो वेळ) मुळात ६० सेकंद असतो. ४१३ : मजकूर देवडीवरच अडला. क्लायंट-मॅक्स-बॉडी-साइझ (आत घ्यायच्या मजकुराची मर्यादा) मुळात १ एमबी, म्हणून चादरीच्या डिझाइनचा ३ एमबीचा फोटो आत पोचतच नाही. टॉमकॅटच्या लॉगमध्ये शोधून काही मिळणार नाही.

जुळे सोलापूर : शेवटचं एक. प्रॉक्सी-पासच्या पत्त्याला शेवटी स्लॅश असला तर लोकेशनमधला (इंजिनएक्समध्ये लिहिलेल्या मार्गातला) '/ऑर्डर/' भाग 'गळतो' लिहिलंय. बरोबर?

चाटी गल्ली : 'कापला जातो' लिहा. गळणं आपोआप होतं, इथे स्लॅश देऊन आपणच कापतो. नेमकं सांगायचं तर '/ऑर्डर/' च्या जागी नुसता '/' जातो. स्लॅश नसेल तर पत्ता अख्खा जातो, आणि टॉमकॅटवर ॲप 'ऑर्डर' याच नावाने नसेल तर ४०४ मिळतो.

नवी पेठ : अडत्या मागे घेतो, देवडी चांगली. पण ती एकदाच, सुरुवातीला समजावताना. मूळ वाक्य असं करा : '५०२ दिसल्यास आधी टॉमकॅट चालू आहे का बघा. ५०२ चं पान इंजिनएक्सच दाखवतो, म्हणजे तो चालू आहे. तो रीस्टार्ट करू नका.'